पाण्यावरचं माणूस

माझी मुलगी जर्मनीच्या नौदलात एका बोटीची कमांडर आहे असं सांगितलं, की पुण्यातले नातेवाईक आधी कौतुक करतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "म्हणजे जर्मनीच्याच?" तारवलीचे नातेवाईक एवढंही विचारत नाहीत. ते थेट पाऊसपाण्याचं बोलायला लागतात. म्हणून म्हटलं, एकदा सगळं सांगूनच टाकावं. मी तिची आई आहे आणि मला कोणापुढे विषय बदलायचा नाही.

तारवली हे माझं सासर. कोकणात एका खाडीच्या तोंडाशी पाच-सहा गावं, टेकडीवर एक बुरूज आणि एके काळी बंदरात उभी असलेली थोडीशी गलबतं, एवढ्याला आमच्याकडे संस्थान म्हणतात. आरमाराच्या सरदाराचं पद घराण्यात वंशपरंपरेने चालत आलेलं. गलबतं कुजली, संस्थान विलीन झालं, तनखा बंद झाला. पद मात्र राहिलं, कारण ते परत मागायला कोणी आलंच नाही. मी कोथरूडच्या एका शाळामास्तरांची मुलगी. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी मला राणीसाहेब म्हणून चिडवायच्या. या राणीसाहेब लग्नानंतर थोड्याच दिवसांत वोल्फ्सबुर्गला आल्या आणि तेव्हापासून इथल्या किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, लोकांच्या मुलांची नाकं पुसतायत.

माझे यजमान, चारुदत्त तारवलकर, हे त्या घराण्यातले थोरले. इथल्या कारखान्यात त्यांनी जन्मभर गिअरबॉक्सचं काम केलं. मराठी मित्रमंडळी त्यांना गमतीने सरकार म्हणतात. सरकार दर आठवड्याला कचऱ्याचे डबे स्वतः ओढत रस्त्यापर्यंत नेतात आणि झाकण नीट बसलं की नाही ते दोनदा बघतात. रागावले तर ओरडत नाहीत, गप्प बसतात. ओरडणारा माणूस परवडला. मी ओरडते, माझं संध्याकाळपर्यंत संपलेलं असतं.

कॉलेजात असताना त्यांनी भारतीय नौदलाची परीक्षा दिली होती. लेखी झाली, मुलाखत झाली, आणि डॉक्टरी तपासणीत गाडं अडलं. लाल आणि हिरवा हे दोन रंग त्यांना सारखेच दिसतात. बोटीच्या एका अंगाला लाल दिवा असतो, दुसऱ्या अंगाला हिरवा. समोरून येणारी बोट कुठल्या दिशेला चाललीय हे त्यावरूनच कळतं. ज्याला तो फरक दिसत नाही, त्याच्या हाती कोणी बोट देत नाही. आमचं लग्न ठरत असताना त्यांनी मला हे सांगितलं, एखादा जुना आजार सांगावा तसं. त्यानंतर कधी विषय काढला नाही. टोमॅटो पिकलेत का हे मात्र अजून मला विचारतात.

ऊर्मिला वोल्फ्सबुर्गलाच जन्मली. यजमानांच्या आजीचं नाव ठेवलं, हाक मारायला ऊर्मी. एकुलती एक. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. मी म्हणायचे, "ऊर्मी, पान वाढलंय," आणि आतून आवाज यायचा, "जा, मामा, ग्लाइश," म्हणजे हो आई, आलेच. एका ठिकाणी मात्र तिचं मराठी आपोआप सुटायचं. तारवलीला.

नारळी पौर्णिमेला तारवलीच्या समुद्राला पहिला नारळ घराण्यातल्या थोरल्याने द्यायचा आणि मगच कोळ्यांच्या होड्या पाण्यात जायच्या, अशी रीत आहे. आता होड्यांना इंजिनं आहेत आणि एरवी त्या कोणाची वाट बघत नाहीत, पण त्या दिवशी बघतात. शाळेची सुट्टी जुळली की आम्ही तिघं जायचो. इथे कडक इस्त्रीच्या शर्टात वावरणारे ऊर्मीचे बाबा तिथे धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभे राहायचे, आणि त्यांचा चेहराच वेगळा व्हायचा. मी त्यांना तसं एरवी कधी पाहिलं नाही, लग्नातसुद्धा नाही. ऊर्मी माझा हात सोडून पाण्याच्या कडेपर्यंत जायची. एकदा तिने विचारलं, "बाबा, पुढच्या वर्षी मी देऊ?"

"घरातल्या थोरल्याने द्यायचा असतो," ते म्हणाले.

"मग मीच थोरली ना. दुसरं आहे कोण?"

ते हसले आणि तिला खांद्यावर घेतलं.

तिला पाण्याची गोडी लावली तीही त्यांनीच, हे मी मुद्दाम सांगते. आमच्या गावात आलरझे नावाचं तळं आहे. तिथल्या शिडाच्या बोटींच्या क्लबात त्यांनी तिला शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातच घातलं. लहान मुलांची बोट म्हणजे एक टबच असतो, त्याला एक शीड. ऊर्मी त्या टबात बसून तळ्यात आणि हे काठावरून मराठीत ओरडतायत, "शीड सैल सोड, सैल सोड." शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना येऊन नम्रपणे सांगितलं, की तारवलकर साहेब, आपण कृपया कॉफी प्यायला जावं. ते गेले, पण कपातली कॉफी तशीच ठेवून खिडकीतून बघत राहिले. परत येताना सायकलवरून दोघं वाऱ्याबद्दल बोलत यायचे. मला त्यातलं काही कळायचं नाही आणि माझी त्याबद्दल तक्रारही नव्हती.

शाळा संपली त्या उन्हाळ्यात एका रविवारी जेवताना ऊर्मी म्हणाली, "बाबा, मी मरीनमध्ये अर्ज केला होता. ऑफिसरसाठी." मरीन म्हणजे इथलं नौदल. "झी हाबेन मिश गेनोमेन. घेतलं मला."

तिचा चेहरा असा फुलला होता, की मी हातातला डाव तसाच धरून बसले. तिला वाटत होतं बाबा उठून तिला जवळ घेतील. मलाही तसंच वाटलं.

ते म्हणाले, "पासपोर्ट?"

"तो बदलला. मागच्याच महिन्यात." हे मलाही नवीन होतं. "त्याशिवाय घेत नाहीत, बाबा. आणि मला आता अठरा पूर्ण झालीत."

त्यांनी ताटातला भात तसाच ठेवला. "तारवलीचं घराणं परक्याच्या निशाणाखाली बोटीवर चढत नाही," ते म्हणाले. "तुला चढायचं तर चढ. मी त्या डेकवर पाय ठेवणार नाही." एवढं बोलून हात धुतले आणि कालव्याकडे निघून गेले. आमच्या गावातून मोठा कालवा जातो, त्यातून मालाच्या लांबलचक बोटी चालतात. मन बिघडलं की ते तिथल्या पुलावर जाऊन उभे राहतात.

ऊर्मी रडली नाही. तिने आपलं ताट उचललं, बाबांचंही उचललं आणि खोलीत गेली. आणि त्या दिवसापासून तिच्या मनाने एकच धरलं, की बाबांनी एकदा तिच्या डेकवर यावं. पुढे पदकं मिळाली, बढत्या मिळाल्या, पण तिच्या प्रत्येक फोनचा शेवट एकाच प्रश्नाने व्हायचा, "बाबा काही म्हणाले?" बाबा काही म्हणत नसत.

फ्लेन्सबुर्गला तिच्या शपथेला मी एकटी गेले. बाकीच्या मुलांचे आई-बाप, आजी-आजोबा, सगळे फोटो काढत होते. माझ्या शेजारच्या खुर्चीवर मी माझी पर्स ठेवली. ऊर्मीने रांगेतून एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मग त्या पर्सकडे. परतीच्या गाडीत मी बसल्या जागी रडले, डब्यातल्या एका बाईंनी मला न विचारताच पाण्याची बाटली दिली.

बाप-लेकीचं बोलणं अगदीच बंद झालं असं नाही. वाढदिवसाला फोन व्हायचा, दिवाळीला ती यायची, चकल्या खायची. तब्येत कशी, बरी. काम कसं, चाललंय. समुद्राचा शब्द दोघांच्याही तोंडून निघायचा नाही. आणि समुद्र सोडला तर त्या दोघांकडे बोलायला होतंच काय? मी दोघांच्या मध्ये बसून चकल्यांचं कौतुक ऐकायचे.

तारवली मात्र तिच्यासाठी लांब गेली. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या लोकांना जे कार्ड मिळतं, ते परक्या सैन्यातल्या माणसाला मिळत नाही. मग व्हिसा, वरिष्ठांची परवानगी, रजा, आणि हे सगळं जुळेपर्यंत पौर्णिमा होऊन गेलेली असायची. एकदा फोनवर मला म्हणाली, "आई, इथल्या समुद्रात मीठच कमी आहे. तोंडावर उडालं तरी तारवलीसारखं लागत नाही." मी म्हटलं, "मीठ जास्त खाऊ नये." आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन उगाचच ओटा पुसत बसले.

आता कपांचं सांगते.

मी नवी नवरी होऊन तारवलीला गेले तेव्हा सासूबाईंनी, आम्ही त्यांना आईसाहेब म्हणायचो, मला स्वयंपाकघरातली एक रीत सांगितली होती. घरातलं माणूस पाण्यावर असेल तेव्हा घरात भांडं पालथं घालायचं नाही. पेला धुतला तरी सुलटाच ठेवायचा, बादली सुलटी, परात सुलटी. घरातलं भांडं पालथं, तर तिकडे बोट पालथी. त्या वेळी घराण्यातलं कोणी पाण्यावर जाऊन दोन पिढ्या झाल्या होत्या. पण आईसाहेबांनी ते इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मी मान डोलावली आणि वर्षभरात विसरूनही गेले.

ऊर्मी नौदलात गेल्यावर काही वर्षांनी कीलला होती, समुद्रातले सुरुंग शोधणाऱ्या बोटीवर. मागच्या महायुद्धातले सुरुंग अजून बाल्टिकच्या तळाशी पडलेत, ते हुडकून निकामी करायचे, हे तिचं काम. एका शनिवारी सकाळी मी डिशवॉशर उघडला तर सगळे कप सुलटे, आणि प्रत्येकात गढूळ, साबणाचं पाणी काठोकाठ. वाट्यांचंही तेच.

"अहो, हे काय?" मी विचारलं.

"मशीनचं प्रेशर कमी झालंय," पेपरातून डोकं न काढता ते म्हणाले.

मी ते सगळं पुन्हा धुतलं. चार दिवसांनी पुन्हा तेच. मी चांगलीच तापले. म्हटलं, "जन्मभर गिअरबॉक्स केलेत ना तुम्ही? पाणी खालून येतं एवढं कळत नाही?" ते म्हणाले, "हां, बघतो," आणि काही बघितलं नाही. मग माझं लक्ष जायला लागलं. ओट्यावरचा धुतलेला कुकर सुलटा. न्हाणीघरातली बादली सुलटी. बाल्कनीत हिवाळ्यासाठी मी रिकाम्या कुंड्या पालथ्या घालून ठेवल्या होत्या, त्या सगळ्या कोणीतरी सरळ केल्या होत्या आणि त्यांत बर्फ साचला होता.

त्या कुंड्यांकडे बघत मी किती वेळ बाल्कनीत उभी होते कोण जाणे. आईसाहेबांचा आवाज कानात आला, घरातलं भांडं पालथं, तर तिकडे बोट पालथी. हा माणूस मुलीशी धड चार वाक्यं बोलत नव्हता, तिच्या बोटीचं नावही घेत नव्हता, आणि घरभर फिरून भांडी सुलटी करत होता. कोणाला न सांगता. देवळातही न जाणारा इंजिनीअर माणूस.

मी त्यांना काही म्हटलं नाही. आमच्या संसारात असं फार वेळा झालेलं नाही. मी ऊर्मीला फोन केला आणि कपांचं, कुंड्यांचं सगळं सांगितलं.

"आई," ती म्हणाली, "पण मी तर कित्येक आठवडे बंदरातच आहे. बोट दुरुस्तीला लागलीय. मी रोज घरी जाऊन झोपते."

मला हसूच आलं. आणि हसता हसता कळलं, की ती कधी पाण्यावर असते आणि कधी नाही, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. विचारणं त्यांना जमत नव्हतं. म्हणून त्यांनी भांडी कायमचीच सुलटी ठेवली होती. मग हसू कुठल्या कुठे गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या फोनवर ऊर्मीचा मेसेज आला. एकच शब्द, इंग्रजी अक्षरांत मराठी, "बंदरात." त्यांनी चष्मा लावून तो वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं. मी भाजी निवडत होते, ती निवडतच राहिले. संध्याकाळी डिशवॉशरमध्ये सगळे कप पालथे, ओळीने.

तेव्हापासून दोघांचं हे सुरू झालं. "निघाले." "पोचले." "निघाले." एवढंच. यजमान उत्तर पाठवत नसत. तिला फक्त दोन निळ्या खुणा दिसायच्या आणि त्या तिला पुरायच्या, असं ती म्हणायची. माझ्या मते पुरत नव्हत्या. एकदा बाल्टिकवर मोठं वादळ झालं आणि दोन दिवस "पोचले" आलंच नाही. ते कालव्याच्या पुलावर जाऊन उभे राहिले, घरी आले, पुन्हा गेले. शेवटी मेसेज आला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा उत्तर लिहिलं, "बरं." ऊर्मीने त्या एका शब्दाचा फोटो काढून मला पाठवला. नौदलातली बाई, आणि असला वेडेपणा.

गेल्या वर्षी तिला स्वतःची बोट मिळायची ठरलं. बोटीची कमांडर. ती मुद्दाम घरी आली, बाबांच्या समोर बसली आणि मराठीत म्हणाली, "बाबा, कीलला माझी कोमांडोयुबरगाबे आहे. जुने कमांडर बोट माझ्या ताब्यात देणार. तुम्ही या. प्लीज."

"बघू," ते म्हणाले.

ती गेल्यावर मी काही बघू दिलं नाही. म्हटलं, "जायचंय. सूट मी काढून ठेवलाय."

"मी बोललो होतो, पाय ठेवणार नाही म्हणून."

"परक्याचं निशाण ना? लग्नानंतर तुम्हीच मला सांगत होतात, घराण्याने कोणाकोणाची निशाणं लावली ते. पेशव्यांचं लावलं, सिद्दीचं लावलं, पोर्तुगीजांचं लावलं, इंग्रजांचं तर शेवटपर्यंत होतं. तेव्हा फार अभिमानाने सांगत होतात, आमचे पूर्वज वारा बघून वागायचे म्हणून. आणि पोरीने एक बदललं तर तुम्हाला घराणं आठवलं?"

ते उठून आत गेले. मला वाटलं आता महिनाभर गप्प राहतील. पण थोड्या वेळाने आतून विचारलं, "टाय कुठला?" मी म्हटलं, "निळा." त्यांना निळा दिसतो.

कीलला जाताना गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. हांबुर्ग गेल्यावर मला म्हणाले, "तिच्या हाताखाली किती माणसं असतील गं?" मी म्हटलं, "चाळीसेक, म्हणाली होती." त्यांनी मान हलवली.

समारंभ धक्क्यावरच होता. करडी बोट, मला वाटली होती त्याहून लहान. आमच्यासाठी खुर्च्या मांडल्या होत्या, आणि या वेळी माझ्या शेजारच्या खुर्चीवर माणूस होता. वारा झोंबत होता. भाषणं झाली, जुन्या कमांडरने बोट सोपवली, आणि ऊर्मी गडद निळ्या कोटात आपल्या माणसांसमोर उभी राहिली. तिने जर्मनमध्ये पहिली आज्ञा दिली आणि सगळी रांग एका आवाजात हलली. तिच्या बापाने दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरले होते. मी हात पुढे केला नाही. तो क्षण त्यांचा होता, मला त्यात नको होतं.

मग सगळ्या पाहुण्यांना कॉफीसाठी बोटीवर बोलावलं. लोक फळीवरून वर जायला लागले. फळी म्हणजे धक्क्यावरून बोटीवर टाकलेला कठड्याचा अरुंद पूल. हे फळीपर्यंत आले आणि थांबले. मागून येणाऱ्यांना वाट दिली. एकामागून एक सगळे वर गेले, म्हातारे गेले, लहान मुलं गेली, धक्क्यावर आम्ही दोघं राहिलो.

"अहो, चला," मी म्हटलं.

"तू जा."

मी गेले नाही. वरून ऊर्मीने आम्हाला पाहिलं. हातातला कप कोणाला तरी देऊन ती खाली आली. जवळ येताना तिने टोपी काढली आणि काखेत धरली. "तुम्ही वर येणार नसाल तर मी खाली येते, बाबा," ती म्हणाली. "कॉफी इथेच पिऊ."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. कितीतरी वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं सरळ पाहिलेलं मला आठवत नाही.

"निशाणाचं काही नव्हतं, ऊर्मी," ते म्हणाले. "ते मी आपलं म्हटलं. तू सांगितलंस, घेतलं मला, तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? मला घेतलं नव्हतं, हेच वाटलं. पोटच्या मुलीचा हेवा वाटला मला. बापाला असं वाटतं का कधी? म्हणून तोंड दाखवत नव्हतो."

मी इतकी वर्षं या माणसाबरोबर राहते, मला हे ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या टोमॅटोंना हसत होते.

ऊर्मीचे डोळे भरले, पण तिने ते पुसले नाहीत. वर तिची माणसं उभी होती. "मी तुमच्यासाठीच गेले होते," ती म्हणाली. "नंतर आवडायला लागलं ते वेगळं. पण अर्ज केला तो तुमच्यासाठी. मला वाटलं होतं तुम्ही नाचाल." मग जरा थांबून म्हणाली, "आणि पहिली दोन वर्षं मला बोट लागायची. रोज. शिडाच्या बोटीवर ट्रेनिंगला होतो तेव्हा मी कठड्याला बांधून घेऊन ओकायचे. सगळे म्हणायचे, सोड, घरी जा."

"मला कधी बोलली नाहीस," मी म्हटलं.

"घरी काय तोंडाने येणार होते, आई?"

ते म्हणाले, "आता लागते?"

"पहिल्या दिवशी अजूनही लागते. माझ्या लोकांना माहितीये. गुपचूप बादली आणून ठेवतात."

"बादली कशाला?" ते एकदम म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. "निघायच्या आधी भाजलेले पोहे खायचे, कोरडे. रिकाम्या पोटी निघायचं नाही. सुंठेचा तुकडा गालात धरायचा, चावायचा नाही, नुसता धरायचा. आणि लाटांकडे बघायचं नाही. पार लांब बघायचं, पाणी संपतं तिथे. आमच्याकडे पोरगा पहिल्यांदा गलबतावर चढायचा तेव्हा घरातला थोरला त्याला बाजूला घेऊन हे सांगायचा. मला आजोबांनी सांगून ठेवलं होतं. मी लहान होतो, पुढे लागेल म्हणून."

ऊर्मी ऐकत होती, लहानपणी वाऱ्याचं ऐकायची तशी.

"बाबा, हे तुम्ही मला तेव्हा सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो," ते म्हणाले. "तेव्हाच सांगायला हवं होतं."

आणि त्यांनी फळीवर पाय ठेवला.